लेकीच्या घरचा करंट

माझे व्याही काशीराम कोळी कधी स्वस्थ बसलेले कुणी बघितले असतील तर मला येऊन सांगावं, मी त्याला पेढे देईन. लग्नाच्या बोलणीला आले तेव्हाही उभेच. "बसा हो," मी म्हटलं. "बसतो बसतो," म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन सळया हलवून बघायला लागले. माझा मुलगा प्रितम त्यांना पसंत होता, त्यांची कोमल आम्हाला पसंत होती, सगळं जमत आलं होतं आणि मुलीचा बाप आमच्या खिडकीच्या सळया हलवतोय. मी आत जाऊन शकूला, म्हणजे आमच्या हिला, म्हटलं, "हा माणूस मुलगी द्यायला आलाय की घर फोडायची पाहणी करायला?" शकू म्हणाली, "हळू बोला, ऐकू जाईल." मला हळू बोलता येत नाही. जन्म गेला बंदरात क्रेनवर. वरून खाली सांगायचं तर ओरडावंच लागतं, आणि ती सवय रिटायर होत नाही.

मी दीनानाथ. आम्हीही कोळीच, पण उरणकडचे. नोकरीत राहून बोलणं शहरी झालं, राग आला की मात्र 'नाय' तोंडात येतं. नोकरी संपल्यावर रोडपालीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हॉलच्या खिडकीतून कळंबोलीचा हमरस्ता दिसतो, लोखंडाने भरलेले ट्रक दिवसभर जातात. लोकांना तो आवाज नकोसा होतो, मला त्याच्याशिवाय झोप लागत नाही.

काशीराम पनवेलच्या खाडीकाठचे. वडिलांबरोबर होडीत जायचे, जाळं टाकायचे, ठमाबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, पाटी घेऊन बाजारात बसायच्या. पुढे खाडीत गाळ वाढला, पाण्याला भलताच वास यायला लागला आणि मासळी हटली. बाकीचे लोक बसून नशिबाला बोल लावत राहिले. काशीरामना बसणं ठाऊकच नाही. ते उठले आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात पत्रे उचलायला गेले. तिथे वेल्डिंगवाल्याच्या मागे उभं राहून काम बघत बघत शिकले. सुरुवातीला डोळ्यांपुढे धरायला काळी काचही कुणी देत नव्हतं. संध्याकाळी घरी आले की डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं, आणि ठमाबाई कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून त्यांच्या डोळ्यांवर ठेवायच्या. तसल्या डोळ्यांनी हा माणूस दुसऱ्या दिवशी परत कामावर. शेवटी रस्त्याकडेला स्वतःची शेड टाकली. ग्रिल, गेट, शटर, काय म्हणाल ते.

शेडमधलं त्यांचं जुनं वेल्डिंगचं मशीन तेलाचं, चाकांचं, अंगाने अवाढव्य. त्याला ते म्हैस म्हणायचे. म्हैस जागची हलायची नाही, म्हणून काशीरामना तिच्यापाशी थांबावं लागायचं, आणि थांबणं हाच त्यांचा मोठा आजार. गिऱ्हाइकाच्या घरी जोड मारायचा तर दुसऱ्या कुणाचं मशीन टेम्पोत घालून न्यायचं, त्याच्या मागे लागायचं, त्याची वाट बघायची. वाट बघताना त्यांच्या अंगाची लाही लाही व्हायची.

मग ते वेल्डिंगचं इन्व्हर्टरवालं छोटं मशीन आलं. दोन हजार बाराची गोष्ट, लग्नाच्या जरा आधीची. आमंत्रणाच्या याद्या करायला म्हणून मी त्यांना बोलावलं, तर हे खांद्याला पट्टा अडकवून मशीनच घेऊन हजर. एवढीशी पेटी, शाळेच्या दप्तराइतकी. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वॉचमनच्या प्लगला जोडून मला खेळ दाखवायला लागले. पेटीला पुढे दोन भोकं, एक प्लस आणि एक मायनस. एकात वेल्डिंगची काडी धरायच्या चिमट्याची केबल खुपसून पिळायची, दुसऱ्यात अर्थची. अर्थचा चिमटा ज्या लोखंडाला जोडायचं त्यालाच लावायचा, गंज खरवडून, चकचकीत जागा काढून.

"याही, अर्थ लागला पायजे," ते म्हणाले. "अर्थ लागला नाय तर काडी नुसती चिकटते."

"आम्हाला तुमच्या बोलण्याचाच अर्थ लागत नाही, मशीनचं काय घेऊन बसलात," मी म्हटलं. व्याही म्हटल्यावर टोमणा मारायचा हक्क असतोच.

ते हसले, पण लक्ष पेटीकडे. मशीन सुरू केलं, आतला पंखा घोंघावला, हिरवा दिवा लागला. बटण फिरवून करंट ठेवला, बारा नंबरची बारीक काडी काडेपेटी ओढावी तशी पट्टीवर ओढली आणि धरली. मी तोंड फिरवलं. दोन पट्ट्या जोडून त्यांनी माझ्या हातात दिल्या. गरम होत्या, मी टाकून दिल्या, शिवी पण दिली. त्यांना काय आनंद झाला होता त्या दिवशी. आता कुठेही जाईन, म्हणाले, खांद्याला अडकवलं की झालं, घरच्या प्लगवर चालतं, लाईट जरा कमी असली तरी चालतं असं दुकानदाराने सांगितलंय. दुकानदार विकायला बसलेला, तो काय नाही म्हणणार? पण जे ऐकायला आवडतं ते माणूस लगेच खरं धरतो.

लग्न झालं. आमच्यात हुंडा नाही, आणि मी काही मागितलं नव्हतं. पण वाजतगाजत वरात निघताना काशीराम सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "माज्या लेकीच्या घराला मी ग्रिल देणार. अशी देणार की हत्ती बसला पायजे." मी शकूच्या कानात म्हटलं, "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं." आमच्या खिडक्यांना सळया होत्याच की. पण त्यांना खिडकीबाहेर काढलेली पेटीची ग्रिल द्यायची होती, आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगला असते तशी. कुंड्या ठेवा, पापड वाळवा, पोरांना बसवा.

दिवाळीच्या आधी ते ग्रिल घेऊन आले. पेटी शेडमध्ये म्हशीवर जोडलेली, भक्कम, नक्षीसकट. राहिले होते ते फक्त जागेवरचे जोड. हॉलच्या खिडकीच्या जुन्या सळया कापून काढायच्या, भिंतीत बोल्ट मारून जाड पट्ट्या बसवायच्या आणि त्या पट्ट्यांना पेटी वेल्डिंगने धरायची. म्हणजे पेटी कितीही भक्कम असली तरी तिचा सगळा भार त्या जोडांवर. ते जोड मारायला छोटं मशीन.

आता आमच्यात एक रीत आहे. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत बाप लेकीच्या सासरचं पाणी पीत नाही. आजकाल कोण पाळतं? काशीराम पाळत होते. आमच्याकडे आले की स्वतःची बाटली, स्वतःचा डबा. जेवायची वेळ झाली की जिन्यात जाऊन पायरीवर बसून खायचे, तेही अर्धे उभेच. मला याचा राग यायचा. शेजारचे बघतात, त्यांना वाटायचं मी व्याह्याला घरात घेत नाही.

त्या दिवशी मशीन खांद्यावरून उतरवलं आणि वायर घेऊन निघाले खाली. मी म्हटलं, "कुठे चाललात? हा काय इथे पॉवरचा प्लग."

"नको याही. गिरणीतून घेतो."

"अहो, तीन मजले खाली?"

"लेकीच्या घरचा पानी घेत नाय, तर करंट कसा घेऊ? तो पन घरातलाच."

मी कपाळाला हात लावला. करंट प्यायची वस्तू आहे का? पण ह्या माणसाशी वाद घालायचा म्हणजे दगडावर डोकं. खाली विठूची पिठाची गिरणी आहे. विठू त्यांच्या ओळखीचा, त्याचं शटर ह्यांनीच दुरुस्त केलेलं. त्याच्या बोर्डातून वायर काढली, बारीकशी, घरगुती, एकात एक जोडलेले दोन तुकडे, आणि जिन्यातून वळवत वर आणली. अर्धी वायर तर तशीच गुंडाळलेली राहिली जिन्यात. दिवाळीचे दिवस, भाजणीसाठी बायकांची रांग, गिरणी एकसारखी चालू. गिरणीची मोटर सुरू झाली की मशीनचा दिवा मिचमिच करायचा. काडी चिकटायची. काशीराम ती झटका देऊन सोडवायचे, करंटचं बटण आणखी पुढे सरकवायचे, परत ओढायचे. चिडले होते, घाम आला होता. संध्याकाळपर्यंत जोड झाले. वरून चांगले जाडजूड दिसत होते. रंग मारला. मी स्वतः लोंबकळून बघितलं. हललं नाही.

पुढचं मला कळलं ते फार नंतर, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. नाहीतर तुम्हीही माझ्यासारखं त्यांना वेड्यात काढाल.

बारीक आणि लांब वायरीतून येता येता करंट दमतो. मशीन चालू राहतं, पंखा फिरतो, ठिणग्या उडतात, काडी वितळते. पण लोखंड वितळत नाही. काडीचा रस वर बसतो, फुगतो, थंड होतो, आणि माणसाला वाटतं जोड झाला. आत लोखंडाने लोखंडाला धरलेलंच नसतं. जुनी म्हैस लाईट कमी पडली की सरळ बंद पडायची, म्हणून काशीरामना ही फसवणूक माहीत नव्हती. नवं मशीन आडमुठेपणा करत नाही, हेच त्याचं वाईट. दोन वर्षांनी पावसाळ्यात आपटा गावात नदीकाठच्या एका बंगल्याचं गेट करायला गेले. तिथेही अशीच लांबून वायर आणली. जोड मारला, वरची काळी खपली काढायला हातोडी मारली आणि सगळा जोडच निघून हातात आला. साफ, भांड्याच्या बुडाची खरपुडी निघावी तसा. काशीराम तो तुकडा हातात घेऊन नदीकाठी फेऱ्या मारत राहिले म्हणे. आणि त्यांना आमची ग्रिल आठवली.

आता तोवर आमच्या घरात काय झालं होतं ते ऐका. कोमलला मुलगी झाली, प्रांजल. रीत सुटली, काशीराम येऊन आमच्या घरचं पाणी प्यायले, डोळे पुसले. आणि मला नातीचं वेड लागलं. ती बसायला लागली तशी तिची जागा ठरली, ग्रिलमध्ये. खाली गोधडी, बाजूला उशी, आणि बाहेर ट्रक. ती सळया धरून बसायची, ट्रकने हॉर्न दिला की खिदळायची. मी इकडून, ती तिकडून, सकाळचा सगळा वेळ आमचा तिथेच जायचा. तिसरा मजला. खाली फरशीचा रस्ता.

त्या ग्रिलचे जोड कच्चे असू शकतात हे जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस माझ्याशी बोलायला घाबरत होता. घाबरत नव्हता असं कसं म्हणू? सगळ्या वरातीत त्याने हत्ती बसवला होता. आता येऊन म्हणायचं की माझं काम कच्चं आहे, तर ऐकणारा कोण? दीनानाथ. ह्या जिभेला सगळे ओळखतात. मी ते कोमलला जन्मभर ऐकवत राहिलो असतो, असं त्यांना वाटलं. बाप स्वतःवर काहीही घेईल, लेकीला ऐकून घ्यावं लागू नये.

म्हणून ते चोरपावलांनी फिरायला लागले. आठवड्यातून दोनदा, तीनदा आमच्याकडे. आले की चपला काढायच्या आधी ग्रिलपाशी. हात फिरवायचे, खाली वाकून बघायचे, अंगठ्याच्या नखाने रंग खरवडायचे. मी विचारलं, "काय शोधताय? पुरलेलं धन?" म्हणाले, "रंग गेलाय. काढून परत मारतो." मी म्हटलं, "दोन वर्षांत कसला रंग जातोय? पाऊस उघडू दे, दसऱ्याला बघू." दुसऱ्यांदा मशीन खांद्याला लावूनच आले. पोर नुकती झोपली होती. मी दारातच अडवलं. "ठिणग्या उडतील, आवाज होईल. तुमच्या पायाला भिंगरी आहे, आमच्या नाय." ते जिन्यात बराच वेळ उभे होते. 

मग त्यांनी कोमलला गाठलं. खरं सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "पोरीला बाहेर बसवू नको, वारा लागतो." कोमलने मला सांगितलं, "मामा, बाबा म्हणतात तिला ग्रिलमध्ये नको." मी भडकलो. "वारा? कोळ्याच्या पोरीला वारा लागतो? आमची पोर काय कापसाची हाय?" आणि मुद्दाम दुसऱ्या दिवशी तिला जास्त वेळ बसवलं. मला वाटलं, व्याह्याला माझ्या नातीवर हक्क दाखवायचाय. त्या महिन्यात काशीराम वाळले. ठमाबाईंचा फोन आला की हे जेवत नाहीत, उठतात आणि रोडपालीकडे निघतात, तुम्ही काही बोललात का? मी म्हटलं, मी कशाला बोलू?

प्रांजलचा पहिला वाढदिवस आला. घरातच केला. पाहुणे, पोरंटोरं, ग्रिलला फुगे बांधलेले. काशीराम हातात केळीची फणी घेऊन दारापाशी उभे, नजर ग्रिलवर. केक कापून झाला आणि प्रितम मला म्हणाला, "बाबा, तुमची आणि पिल्लूची जागा आहे ना, तिथे बसा, फोटो काढतो." माझं वजन त्या वेळी चांगलंच होतं. मी पोरीला कडेवर घेतलं, खिडकीच्या कट्ट्यावर बूड टेकलं आणि एक पाय ग्रिलमध्ये घातला.

केळी खाली पडली. काशीराम माणसं ढकलत आले आणि माझा दंड धरला. असा धरला की नंतर निळा पडला होता.

"उतरा, याही."

"हात सोडा. काय लावलंय हे?"

"पोरीला द्या आदी कुनाच्या तरी हातात. ते वेल्डिंग कच्चं हाय. मी केलेलं हाय, मला माहीत हाय."

 मी पाय मागे घेतला. शकूने पोरीला माझ्याकडून ओढूनच घेतलं.  आणि मग माझी जीभ सुटली. काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. माझ्या नातीला मी रोज तिथे बसवत होतो, तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही रंगाच्या गोष्टी करत होतात? ते मान खाली घालून सगळं ऐकत होते.  गिरणीचं नाव काढलं नाही, दुकानदाराचं नाही. शेवटी मीच ओरडलो, "पण झालंच कसं? तुमच्यासारख्या माणसाच्या हातून?"

"वायर लांब होती. करंट पोचला नाय."

"मग आमच्या प्लगमधून घ्यायचा होता!"

"लेकीच्या घरचं कसं घेणार होतो तवा?"

मी खुर्चीवर बसलो. इतका राग आला होता आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. ज्या माणसाने लेकीचा मान राखायला तीन मजले वायर ओढली, त्याच वायरीने त्याच्या नातीला तिसऱ्या मजल्यावर टांगलं होतं. ह्याला काय म्हणायचं? मी आजवर असं काही बघितलेलं नाही, आणि देवाने पुन्हा दाखवू नये.

मशीन खाली स्कूटरलाच बांधलेलं होतं. ते आता त्याच्याशिवाय आमच्याकडे येतच नसत. पाहुण्यांना आतल्या खोलीत बसवलं. प्रितम खाली जाऊन रस्त्यावर उभा राहिला, कुणाला ग्रिलखालून जाऊ देईना. काशीरामनी आधी नायलॉनच्या दोरीने सगळी पेटी खिडकीच्या आतल्या चौकटीला बांधली. गाठी होडीच्या, त्या चुकत नाहीत. मग हातोडी घेतली आणि एकेका जोडावर मारायला लागले.

पहिला जोड धरून राहिला. दुसराही. मला जरा धीर आला, मनात म्हटलं, उगाच घाबरवलं ह्या माणसाने. तिसऱ्यावर हातोडी पडली आणि जोड सुटला, रंगाच्या पापुद्र्यासकट. खालचा एक, जिथे पोरीची गोधडी असायची त्याच्या बरोबर खाली, तो तर नुसत्या हाताने उचकटला. त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. एका बाजूने खडबडीत, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत. म्हणजे त्याने काही धरलंच नव्हतं. इतके दिवस आम्ही उरलेल्या दोन-तीन जोडांच्या मेहेरबानीवर होतो. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

बाहेर आलो तर काशीराम वायरचं वेटोळं घेऊन जिन्याकडे निघालेले. सवय हो. पाय आपोआप गिरणीकडे. कोमलने दारात त्यांच्या हातातून प्लग काढून घेतला, हॉलमधल्या पॉवरच्या पॉइंटमध्ये खुपसला आणि बटण दाबलं.

"बाबा, लाव इथेच," ती म्हणाली. "आता काय राहिलंय?"

त्यांनी रंग घासून काढला, लोखंड पांढरं होईपर्यंत. अर्थचा चिमटा पेटीच्या सळीला नाही, सरळ भिंतीतल्या पट्टीला लावला. काडी ओढली. ह्या वेळी आवाज वेगळा होता, तव्यात बोंबील टाकल्यावर येतो तसा एकसारखा, मध्ये खंड नाही. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे, भिंतीवर निळा उजेड नाचत होता. कोमल मात्र त्यांच्या मागे, हाताने डोळे झाकून. एक जोड झाला की ते खपली काढायचे, तारेच्या ब्रशने घासायचे आणि हातोडीने घण घातल्यासारखे मारायचे. जे जोड सुटले नव्हते तेही त्यांनी कापून नव्याने मारले. मी म्हटलं, "ते चांगले आहेत की." त्यांनी नवी काडी चिमट्यात धरली.

सगळं झाल्यावर त्यांनी दोरी सोडली. आणि कुणी काही बोलायच्या आत ते ग्रिलमध्ये चढले. उभे राहिले. पाय आपटले, एकदा, दोनदा, मग उड्याच मारायला लागले, माझ्या वयाचा माणूस, तिसऱ्या मजल्यावर, पिंजऱ्यात. खालून प्रितम ओरडतोय, शकू म्हणतेय भाऊ उतरा. ग्रिल हू की चू नाही. भिंतीला जसा बांधकामाचाच भाग.

 मघाशी बोललेलं सगळं मागे घ्यावंसं वाटलं, पण तसं बोलणं मला जमत नाही. म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "चला, फोटो राहिलाय. माझा नको, व्याह्यांचा काढा. पोरीला द्या त्यांच्याकडे."

काशीराम थांबले. धापा टाकत होते. चेहऱ्यावर कितीतरी आठवड्यांनी हसू आलं. हात पँटला पुसले आणि ग्रिलमधून दोन्ही हात आत केले.

कोमल पोरीला घेऊन खिडकीपर्यंत आली. कट्ट्याला टेकली. पोर आजोबांकडे झेपावत होती, फुग्यांकडे बघून हसत होती. कोमलने तिला पुढे केलं आणि तिथेच राहिली. पोरीच्या फ्रॉकमधली तिची बोटं मला दिसत होती, पांढरी पडलेली.

"कोमल, दे ना," मी म्हटलं.

"देते," ती म्हणाली. पण दिलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बाबा, मी बघितलं रे सगळं. मला कळतंय आता पक्कं आहे. पण माझा हातच सुटत नाहीये."

काशीराम तसेच हात पसरून उभे होते. मग त्यांनी ते हळूच मागे घेतले.

"सुटू देऊ नको," ते म्हणाले. "मी मारलेल्या जोडावर तर कदीच नको."

कोमल पोरीला छातीशी धरून आत गेली. काशीराम ग्रिलमधून उतरले, अर्थचा चिमटा काढला आणि केबल गुंडाळायला लागले. मी एक टोक धरलं.